उलट्या पावलांचा नाच

मला विलायती नाच शिकवायचा प्रयत्न झाला होता, असं सांगितलं की घरातल्या पोरी पोट धरून हसतात. मीही हसते. नववारी लुगडं, कपाळभर कुंकू, आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून वॉल्ट्झ नाचायला निघालेली ती अठराएक वर्षांची बाई आठवली की वाटतं, हिला ज्वारीत बुजगावणं म्हणून उभं केलं असतं तर पाखरं तरी भ्याली असती.

तेव्हा आमचं बिऱ्हाड वाशीमला होतं. हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. यांचा साहेब इंग्रज. त्याची बदली नागपूरला ठरली होती आणि यांना तो सोबत नेणार होता. नागपुरात साहेब लोकांचा क्लब. आपल्या हाताखालच्या देशी माणसांनीही तिथं बायका घेऊन यावं, नाचावं, अशी त्या साहेबाला हौस. त्याची मड्डम म्हणाली, मी शिकवते.

हे घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत मला म्हणाले, "जमलं तं नागपूरले दोघांचं बिऱ्हाड करू. नाई जमलं तं तू रिठदले जाय, आईसंगं."

रिठदला आमची शेती, मोठं घर, आणि तिथं सगळं सासूबाईंच्या हातात. कालवणात मीठसुद्धा त्याच टाकायच्या. मी चिरायचं, वाटायचं, फोडणी द्यायची, आणि शेवटी बाजूला सरायचं; मग त्या यायच्या आणि चिमूटभर मीठ टाकून जायच्या. नागपूर म्हणजे मला दुसरं काही ठाऊक नव्हतं. माझ्या हातानं मीठ टाकलेली भाजी, एवढंच नागपूर.

सासूबाईंना सांगितलं की मड्डम विणकाम शिकवते. त्या म्हणाल्या, शिक. आणि दुपारची उन्हं कलली की मी यांच्या मागे बंगल्यावर जाऊ लागले. मागे म्हणजे खरंच मागे. रस्त्यानं हे पुढं चालायचे, मी पंधरा-वीस हात अंतर ठेवून. मध्ये एखादी बैलगाडी सहज मावली असती. ह्याच माणसाच्या छातीशी छाती लावून बंगल्याच्या व्हरांड्यात उभं राहायचं. पहिल्या दिवशी मला कळलं, यांच्या हनुवटीखाली लहानपणीचा एक व्रण आहे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. दिवसाउजेडी नवऱ्याचं तोंड इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. मी व्रणाकडे बघत राहिले आणि ग्रामोफोन आपला वाजून संपला.

या नाचात गडी पुढं येतो आणि बाई मागं जाते. मड्डमला वाटलं होतं, मागं पाऊल टाकायला मला महिना लागेल. पण मी पहिल्याच दिवशी अशी सर्रकन मागं गेले की ती टाळ्या वाजवायला लागली. तिला काय माहीत! आमच्यात सुनेनं सासूसासऱ्यांना पाठ दाखवायची नसते. पाणी द्यायचं, आणि तोंड त्यांच्याकडेच ठेवून उलट्या पावली दारापर्यंत यायचं. उंबरा टाचेनं चाचपायचा आणि नाहीसं व्हायचं. तीन वर्षं मी दिवसभर तेच करत होते. मड्डम यांना म्हणाली, "तुम्हारा औरत पीछे बहुत अच्छा जाता है." हे इतके खूश झाले की परतताना आमच्यातलं अंतर दोन हातांनी कमी झालं.

खुळी पोर, ती अठरा वर्षांची मी! तिला वाटलं, झालं, पोचलो नागपूरला. घरी येऊन मनातल्या मनात चूलसुद्धा लावली तिनं.

पायांचं खरं होतं, पण त्या पायांना माझी मान बांधलेली होती. पाय मागं गेला की मान खाली. खांदे आत, पदर पुढं, नजर जमिनीला. मड्डम हनुवटी धरून वर करायची. पाऊल मागं पडलं की पुन्हा खाली. जणू विहिरीवरचा रहाट, एक बाजू सरली की दुसरी उतरलीच. मड्डम म्हणायची, "पाँव पक्का, बदन ढीला." बदन ढिलं कसं सोडतात? आईनं मला जन्मभर उलटंच शिकवलेलं. ढिलं बसू नये, ढिलं चालू नये, चारचौघांत अंग आवरून असावं.

मग मला अक्कल सुचली. माझी अक्कल! म्हटलं, डोक्यावर घागर असली की मान आपोआप ताठ राहते. मड्डमनं खानसाम्याकडून पितळेची घागर मागवली, अर्धी भरली, मी चुंबळ ठेवून ती डोक्यावर घेतली आणि नाचले. मान सरळ, पाऊल बरोबर, थेंब सांडला नाही. फक्त यांना कुणी वखराचं दांडकं कवेत घ्यायला दिल्यासारखं झालं होतं. मड्डमनं हळूच घागर उतरवून घेतली. मान पुन्हा गेली खाली.

म्हणजे घागर असली की दांडकं, नसली की सून. त्या दोघींच्या मधली जी कुणी बाई मड्डमला हवी होती, ती माझ्यात होती की नाही कोण जाणे. शेवटी शेवटी मी अदृश्य घागर डोक्यावर आहे असं समजून नाचायला लागले. त्यानं जरा जमलं. हे म्हणाले, एवढं चालते.

साहेबाच्या निरोपाच्या चहाला अकोल्याहून चार-सहा गोरी मंडळी आली होती. दिवाणखान्यातल्या सतरंज्या उचललेल्या. मड्डमनं माझा पदर डोक्याला पिनांनी टाचला आणि कानाशी म्हणाली, "ढीला." ग्रामोफोन लागला. मी न दिसणारी घागर सांभाळत मागं मागं गेले. एक फेरा झाला. दुसरा झाला. हे हसले, त्यांच्या हनुवटीखालचा व्रण हलला. आणि मला, देवाशपथ, बरं वाटलं. खांदे कुठं आहेत याचा क्षणभर विसर पडला. मड्डम म्हणत होती ते हेच असावं.

अंग ढिलं झालं आणि पाऊल चुकलं. माझा पाय यांच्या बुटावर पडला.

नवऱ्याला पाय लागला. आता यात विचार करायला वेळ कुठला? मी तिथल्या तिथं वाकले, बुटाला हात लावला, तो कपाळाला लावला. मागून एक गोरा साहेब आपल्या बाईला घेऊन येत होता, तो माझ्यावर अडखळला. त्याचा पाय मला लागला की माझा त्याला, कळेना. म्हणून मी त्याच्याही बुटाला नमस्कार केला. दिवाणखाना हसला. वाईट नाही हसले ते; एका बाईनं टाळ्याही वाजवल्या. हे मात्र हसले नाहीत. ग्रामोफोन आपला चालूच होता.

घरी परतताना आमच्यामध्ये पुन्हा बैलगाडीएवढी जागा. बंगल्याचं फाटक ओलांडल्यावर हे थांबले, वळले नाहीत.

"पाय लागला तं लागू द्यायचा होता. वाकली काहून?"

"तुमाले लागला ना पन."

"मंग?"

हे पुन्हा चालू लागले, आणि मी अंतर ठेवून मागून.

घरी सासूबाईंनी यांचा चेहरा पाहिला. कसलं विणकाम चाललंय हे त्यांना पहिल्यापासून कळलं असावं. त्यांनी एवढंच विचारलं, "नाई जमलं काव?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "चाल मंग. रिठदले हरभरा सोंगाले आला असन."

हे नागपूरला निघाले त्या दिवशी बैल जुंपलेली दमणी दाराशी उभी होती. मी पाया पडले आणि सवयीनं उलट्या पावली मागं सरले. यांनी दमणीत पाय ठेवता ठेवता हळूच म्हटलं, "मान वर कर." सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी कशी करणार? बैल निघाले तेव्हा मला फक्त चाक दिसलं.

थोडे दिवस म्हणून गेलेले हे, नोकरी संपेपर्यंत तिकडेच राहिले. दिवाळीला यायचे, पेरणीला यायचे. मुलं झाली, ती रिठदलाच वाढली. क्लबात हे कुणाबरोबर नाचले, नाचले की नाही, मी विचारलं नाही. नाचाचा शब्द पुन्हा निघाला नाही.

पुढं सासूबाई गेल्या. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले, आणि मी पहिल्यांदा एकटीनं स्वयंपाक केला. भाजीत मीठ टाकायला हात पुढं केला आणि तसाच धरून बसले. किती टाकतात तेच कळेना. भाजी खारट झाली. मग त्यांच्या खोलीत दिवा ठेवायला गेले. बाज रिकामी, गादी गुंडाळून ठेवलेली. दिवा ठेवला आणि त्या रिकाम्या बाजेकडे तोंड करून, मान खाली घालून, मी उलट्या पावली दारापर्यंत आले. टाचेनं उंबरा चाचपला.

पाऊल अगदी बरोबर पडलं होतं.