तोडीस तोड

दगडखाणीतल्या मेकॅनिककाकांच्या हातात वस्तू म्हणून टिकायची नाही. घरी त्यांना चहासुद्धा स्टीलच्या पेल्यातच मिळायचा. त्यामुळे मशीनच्या तपासणीसाठी मिळालेला नवाकोरा टॅब्लेट क्रशरच्या शिडीवरून थेट चिखलात पडला, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पण पाइपाखाली धुऊन बघतात तर काय, पठ्ठ्या चालू! जन्मात पहिल्यांदाच काकांना कुणीतरी तोडीस तोड भेटलं होतं.

संध्याकाळी ते तरंगतच घरी आले.

"कितीही आपट, याला ओरखडा नाही! हे बघ!" म्हणत त्यांनी टॅब्लेट जेवणाच्या टेबलावर दाणकन आपटला.

टॅब्लेटला खरंच काही झालं नाही. टेबलाच्या काचेचा मात्र चुरा झाला.

काकू हसून हसून खालीच बसल्या.

"अहो, त्या कंपनीला विचारा ना, टेबलं पण बनवता का म्हणून!"