बोटीच्या चाकांचं ग्रीस

मुलगी गेली तेव्हा सातवीत होती. ताप आला, तो डोक्यात गेला, आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं आम्हाला ओळखणं सोडलं होतं. त्या दिवसांत आमच्या भागात बऱ्याच घरांत असं झालं होतं. त्यामुळे अशा वेळी काय बोलायचं हे लोकांना ठाऊक होतं. ते आले, बोलले, गेले. तेरवी झाली आणि मी दुकान उघडलं.

दुकान आरमोरीला, बाजाराच्या रस्त्यावर. ट्रॅक्टरचे सुटे भाग, पट्टे, बेअरिंग, ऑइल, ग्रीस. बायको पूर्वी दुकानाची पायरी चढत नसे. आता ती दुपारचा डबा घेऊन यायची आणि परत जायचीच नाही. मागे टायरांच्या थप्पीपाशी स्टुलावर बसून राहायची. घरी का जात नाहीस, असं मी विचारलं नाही. मलाही घरी जायचं नसायचं. दिवसभरात आम्ही एकमेकांशी चार शब्द बोललो तर बोललो.

थंडी पडायला लागली होती तेव्हा जवळच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचे म्हातारे भाऊ आले. सोसायटीकडे बरेच तलाव होते आणि फायबरची बोट एकच. दोन चाकांच्या ट्रॉलीवर ती ठेवायची, ट्रॅक्टरनं तलावावर न्यायची आणि बोट तरंगेपर्यंत ट्रॉली पाण्यात ढकलायची. भाऊंनी काउंटरवर फडकं सोडलं. आत गंजलेलं बेअरिंग होतं, त्याला फाटलेल्या दुधासारखा चिकटा लागलेला.

"चाक जाम झालं जी. बोट रस्त्यावरच उभी हाये."

"ग्रीस कोणतं भरलं होतं?"

"चाकवालंच. डब्ब्यावर चाकाचं चित्र हाये ना."

मी मागे वळून तोच डबा काढून समोर ठेवला. एरवी मी दहा गोष्टी विचारल्या असत्या. आता मला फक्त त्यांनी काहीतरी घ्यावं आणि जावं एवढंच हवं होतं.

"तेच देता?" भाऊ म्हणाले.

"मग कोणतं देऊ?"

बायको उठली. तिनं डब्यातलं बोटभर ग्रीस तळहातावर घेतलं, माठातलं पाणी त्यावर सोडलं आणि कणीक मळावी तसं ते मळायला लागली. बघता बघता हातात पांढरा फेस झाला.

"हे तर पाण्यात मिसळून राह्यलं जी," ती मला म्हणाली.

ते ग्रीस ट्रकच्या चाकांचं. सोड्यावर बनलेलं. रस्त्यावरची उष्णता सोसतं, पाणी सोसत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या दिवसांत माहीत असलेलं काही वेळेवर आठवत नव्हतं.

मी तिच्यापुढे चेसिसचं पिवळं ग्रीस ठेवलं. ते चुन्यावर बनतं. पाणी त्याच्यावरून ओघळून गेलं.

"मंग हेच द्या," भाऊ म्हणाले.

मी चहाच्या स्टोव्हवर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि त्यावर त्या पिवळ्या ग्रीसची गोळी टाकली. ती तुपासारखी पातळ होऊन वाहिली. तलाव गावाला लागून असता तर चाक एवढं तापलं नसतं आणि तेही चाललं असतं.

"तुमचा दूरचा तलाव कुठी हाये?" मी विचारलं.

"वडसा रोडनं, पार पल्ल्याड. डायवर गाडी पळवते, अन् गेल्या गेल्या पाण्यात घालते."

मग मी लिथियमचं ग्रीस काढलं. ते पाण्यात मळलं तरी हाताला धरून राहिलं आणि पत्र्यावरही वितळलं नाही. तेच द्यायचं ठरलं. मी भाऊंना सांगितलं, तापलेलं चाक थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. म्हणून काठावर थांबा, चाकाच्या मधल्या हबला हात लावता आला पाहिजे, मगच ट्रॉली उतरवा. जुनं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढा, एकावर दुसरं भरू नका.

बोलताना लक्षात आलं की मी बराच वेळ बोलतोय, आणि बायको ऐकतेय.

बेअरिंग बसवायला दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी निघालो. "मी बी येते," ती म्हणाली आणि स्कूटरवर मागे बसली.

तलावाच्या काठी तिनं तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची कड त्यावर दाबली, पुन्हा दाबली, दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर येईपर्यंत. जाळी नीट करणाऱ्या बाया भोवती जमल्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, "लेकरं किती जी तुमाले?"

"एक पोरगी."

"केवढी हाये?"

"सातवीत हाये."

माझ्या हातात हब होता. भाऊ आमच्या घरी येऊन गेलेले होते, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हबच्या आत पाहत राहिलो.

"कॉटर पिन कुठी ठेवली?" त्यांनी विचारलं.

ती माझ्या खिशात होती.

चाक बसवलं, फिरवून पाहिलं, नट जरा सैल करून पिन घातली. परत येताना तिच्या त्या उत्तराचा मला राग आला नव्हता. रडूही नाही. ग्रीसमुळे हँडलवर हात घसरत होते, तेवढं कळत होतं.

होळीच्या सुमारास भाऊंनी चाक उघडलं. ग्रीस भरलं तसंच होतं, गंजाचा ठिपका नव्हता. मग दुसऱ्या सोसायट्यांचे लोकही यायला लागले. बायको पुढे काउंटरवर बसायला लागली. तलाव किती दूर, चाक किती बुडतं, हे आधी विचारायची आणि मगच डब्याला हात लावायची.

ती तलावावरची बाई बाजारच्या दिवशी डोकावून जायची.

"पोरगी बरी हाये?"

"बरी हाये."

उन्हाळा सरल्यावर तिनं विचारलं, "आठवीत गेली असन?"

"हो, गेली."

मी नटबोल्ट मोजत असायचो. मी कधी मध्ये पडलो नाही. पुढच्या वर्षी तिनं नववीचं विचारलं, बायकोनं त्यालाही हो म्हटलं.

एका बाजाराला ती बाई आली आणि तिनं काहीच विचारलं नाही. काउंटरवरून हात पुढे करून बायकोचा हात धरला, दाबला आणि गेली.

"तिले कोणं तरी सांगतलं," बायको म्हणाली.

"हो."

"बरं झालं."

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला पट्टा मागायला आला. बायकोनं त्याला नंबर विचारला. त्याला नंबर आठवेना, तेव्हा ती मागच्या फळीवरून चारपाच पट्टे काढून त्याला दाखवायला लागली.