चूलवाला जानिबेक आणि बाकीचे चार

सरीसू नदीकाठच्या त्या वस्तीत जानिबेक नावाची पाच माणसे होती. चौघे शाळेच्या भिंतीवर होते. पाचवा चुली बांधायचा.

भिंतीवरचे चौघे इतिहासातले. पहिला व्होल्गेकाठच्या सोनेरी ओर्दू नावाच्या राज्याचा खान. दुसराही खानच, त्याने केरेई नावाच्या भाऊबंदाला बरोबर घेऊन जुन्या मालकाची साथ सोडली आणि कझाकांचे वेगळे राज्य मांडले. शाळा त्याच्या नावाची, समोरचा रस्ताही. उरलेले दोघे त्यानंतर तीनेकशे वर्षांनी, पूर्वेकडून चालून आलेल्या जुंगारांशी लढलेले सरदार. चौघांपैकी एकाचाही खरा चेहरा चित्रकाराला ठाऊक नव्हता. त्याने सगळ्यांना एकच चेहरा दिला आणि टोप्या बदलल्या. वस्तीतल्या काहींनी नाके मुरडली. चूलवाल्या जानिबेकला मात्र त्यात वावगे दिसले नाही. कष्ट वाचवायचे तर असेच वाचवावेत. टोप्या तरी नीट काढल्या होत्या.

त्याच्या कामात असे काही वाचवता येत नसे. तिकडे चूल म्हणजे स्वयंपाकापुरती नव्हे. दोन खोल्यांच्या मधली विटांची अख्खी भिंत म्हणजे चूल. तिच्या पोटात धुराला वळणे द्यायची. धूर दमून वर गेला पाहिजे. ताजातवाना गेला तर कोळशाची सगळी ऊब आभाळाला मिळते आणि घरातली माणसे कोट घालून झोपतात. माती पायांनी तुडवायची, हाताने चाचपायची, खडा लागला की काढायचा. जानिबेकची नखे त्या मातीने कायमची काळी झाली होती.

नाव सांगितले की लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघत, मग नखांकडे. सैन्यात भरती झाला तेव्हा हवालदार म्हणाला होता, "खानसाहेब, बटाटे सोला." पुढे दवाखान्यात, कचेरीत, लग्नात कोणीतरी विचारायचेच, "कुठले जानिबेक आपण? खान की सरदार?"

"चूलवाला," तो म्हणायचा. मग पुढे कोणी विचारत नसे.

एकाच बाबतीत तो त्या चौघांच्या वर होता. वस्तीत लग्न होऊन आलेल्या बाईने नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांचे नाव तोंडातून काढायचे नाही, असा रिवाज. त्यासारखे ऐकू येणारे नावसुद्धा नाही. जानिबेकचा धाकटा भाऊ लग्न करून कुलाशला घेऊन आला, त्या हिवाळ्यात जानिबेकने त्यांच्या घरातली चूल बांधून दिली. पहिल्या रात्री भिंतीला पाठ टेकून नव्या नवरीने त्याला नाव ठेवले, ऊबदादा. मागाहून आलेल्या सुनांनीही तेच उचलले. केस पिकले तसा त्याचा ऊबआजोबा झाला.

आणि त्याचे नाव वर्ज्य म्हणून खानाचेही वर्ज्य झाले. "पोरगं कुठंय?" विचारले, तर कुलाश सरळ सांगायची, "ऊबआजोबा खानाच्या शाळेत." वस्तीतल्या बायांच्या तोंडी खान, सरदार, रस्ता, शाळा, सगळे त्याच्या मागून यायचे. जानिबेकची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हते. भाऊही गेला. कुलाशच्या घरी चहाला बसले की ती शाळेचा उल्लेख कधी करते याची तो वाट बघायचा. चेहऱ्यावर दाखवायचा नाही.

कुलाशच्या मुलाचे लग्न झाले आणि मारझान घरात आली. शहरात शिकलेली, इतिहासाची पदवी घेतलेली. पहिल्याच आठवड्यात तिने चुलतसासऱ्याला चहाची वाटी काठोकाठ भरून दिली.

"घालवायचंय का त्यांना घरातून?" कुलाश म्हणाली. "तळाला घोटभर ओत. घोट संपला की परत ओत. हात दुखू देत. मान असाच द्यायचा असतो."

मारझानने वाटी परत घेतली. हात दुखले, पण पुन्हा चूक झाली नाही. जानिबेकला ती तेव्हाच आवडली. ज्या कामात हात दुखतात त्याची ती तक्रार करत नसे.

शाळेत तिला तात्पुरते घेतले होते. शरद ऋतूत शाळेचा वाढदिवस ठरला. प्रांताच्या कचेरीतले साहेब येणार, भाषण मारझानने करायचे, विषय 'आपले चार जानिबेक'. हेडमास्तर तोलेगेनने तिला मोकळेपणी सांगितले होते, भाषण जमले तर नोकरी कायम.

दुसऱ्या दिवशी कुलाश जानिबेकच्या अंगणात आली. तो जुन्या विटा खरवडत बसला होता.

"पोरीला मोकळीक द्या," ती म्हणाली. "एका दिवसापुरती."

"कसली?"

"तुमचं नाव घ्यायची."

"माझं कशाला? खानाचं घे म्हणावं."

"ऐकायला एकच ना ते."

"मग खानाने बदलावं. मी रोज वापरतोय."

"त्यांना जाऊन पाचशे वर्षं झाली, ऊबआजोबा."

"म्हणजे त्यांना काही घाई नाही."

कुलाशने हात कमरेवर ठेवले. "पोरगी रात्री पांघरुणात तोंड घालून सराव करते. जा, जा, म्हणते आणि तिथंच थांबते. माझा मुलगा विचारतो, मला का घालवतेस."

जानिबेकने विटेवरचा चुना उडवला. सून नाव घेत नाही हे रिवाजाने होते, त्यासाठी त्याने काही केले नव्हते. हे त्याला कळत होते. पण चुली मात्र त्याने बांधल्या होत्या. त्या चौघांनी घोडी पळवली, तंबू उभारायला लावले, हुकूम दिले. एक वीट कोणी उचलल्याचे मारझानच्या पुस्तकातही नव्हते. तरी शाळा त्यांची, रस्ता त्यांचा. आपल्याकडे होते ते एवढेच. आज एका दिवसापुरते सोडले तर उद्या दुसरे साहेब येतील.

"रिवाज मी केलेला नाही," तो म्हणाला.

"मोडायला तुम्हालाच सांगतेय म्हणून रिवाज आठवला," कुलाश म्हणाली आणि गेली.

समारंभाच्या दिवशी हेडमास्तर दारातच उभा होता. "या, आगा. मागच्या रांगेत बसा, चुलीजवळ. तुमची जागा तीच."

सभागृहातली चूल जानिबेकनेच बांधलेली होती. भिंत छान तापली होती. पण 'तुमची जागा' हे शब्द त्याला तापलेल्या विटांपेक्षा जास्त चटका देऊन गेले. अडली पोर तर उठून सांगू, घे बाई नाव, असे ठरवून तो घरून निघाला होता. ते त्याने आता मनातून काढून टाकले.

मारझान उभी राहिली. साहेब पहिल्या रांगेत, रंगीत आसनावर. मागे सगळी वस्ती.

"ज्यांच्या नावाने ही शाळा आहे," ती म्हणाली, "ते आपले..."

आणि थांबली. तिने मागच्या रांगेकडे पाहिले. नुसती मान हलवली असती तरी पुरले असते. जानिबेकची मान हलली नाही. कुलाशने रुमालाचे टोक दातात धरले.

"...ते आपले ऊबआजोबा खान," मारझान म्हणाली.

मग ती थांबली नाही. एक ऊबआजोबा व्होल्गेकाठी राज्य करत होते. दुसऱ्या ऊबआजोबांनी केरेईबरोबर लोक आणि जनावरे घेऊन चू नदीकडची वाट धरली. आणखी दोन ऊबआजोबा घोड्यावर बसून जुंगारांवर चालून गेले. सनावळ्या बरोबर, लढाया बरोबर. वस्तीतल्या बाया माना डोलावत होत्या. त्यांच्या कानाला हे शुद्ध बोलणे होते. हेडमास्तरच्या टकलावर घाम दिसत होता. जानिबेक मात्र भिंतीला टेकून ताठ बसला होता. चारही खानसरदार त्याच्या नावामागून रांगेत चालले होते.

मारझान बसली आणि साहेब उठले. त्यांचे डोळे ओलावले होते.

"मी अनेक शाळांत गेलो," ते म्हणाले. "सगळीकडे खान म्हणजे तलवार. पण तुमच्या वस्तीने आपल्या खानाला काय नाव दिलं बघा. ऊबआजोबा. शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची ऊब या लोकांना अजून जाणवते. हे नाव भिंतीवर लागलं पाहिजे. फलक मी पाठवतो. आणि मुलांसाठी संग्रहालयाची एक खोलीही."

टाळ्या झाल्या. बायांनी रुमालात तोंडे लपवली. पाहुण्याला तोंडावर खोटे कोण पाडणार? हेडमास्तरला सगळे माहीत होते. त्याच्या घरची चूल जानिबेकचीच होती. तो सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

फलक आला. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरे: 'जानिबेक खान, लोकांचे लाडके ऊबआजोबा'. जानिबेक बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला. अक्षरे खोल कोरली होती. काम चांगले होते.

"तोलेगेन," तो म्हणाला, "हे माझं आहे."

"आगा, साहेबांचा शब्द आहे. मोडता येतो का? आणि खोली मिळतेय मुलांना." हेडमास्तरने आवाज खाली आणला. "शिवाय तुमच्याकडे एक नाव आहेच की. खानाला लोकांनी दिलेलं असं एकही नव्हतं."

कुलाश दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भांडून आली. "नाव मी ठेवलं होतं," ती सांगत सुटली. "मला कोणी विचारलं? चाळीस वर्षं हाक मारली तेव्हा कुठं त्याला चव आली. आता खान आयता खातोय."

पण फलक हलला नाही. आणि अडचण बायांची झाली. रस्त्यात कोणी "ऊबआजोबा, इकडे या" म्हटले की शाळेतली मुले खिदळायची, "खान आले, खान आले." बायांनी हाक मारायचे सोडले. लांबून हात करायच्या, खोकायच्या. मारझानची नोकरी कायम झाली होती. जानिबेक चहाला आला की ती वाटी पुढे करायची आणि खाली बघायची.

तो मनात म्हणायचा, मान हलवली असती तर एक दिवस गेला असता. नाही हलवली, म्हणून सगळेच गेले.

नदी गोठली त्या आठवड्यात हेडमास्तर कुलाशच्या घरी आला. टोपीवर बर्फ, डोळे लाल. जानिबेक भिंतीला पाठ लावून बसला होता.

"आगा, संग्रहालयाच्या खोलीत धूरच धूर झालाय. भिंतीवरचा खान दिसेनासा झाला. सोमवारी साहेब फोटो काढायला येणार आहेत."

"चूल कोणी बांधली?"

"शहरातून माणूस आणला होता. एका दिवसात बांधून गेला."

"एका दिवसात," जानिबेक म्हणाला. "ऊबआजोबा आहेत ना खोलीत? त्यांना सांग."

कुलाश भाजलेल्या पावाचे तुकडे करत होती, तिची सुरी थांबली.

हेडमास्तर मारझानकडे वळला. "तू तरी सांग यांना. तुझं ऐकतात."

मारझान चहाच्या भांड्यापाशी बसली होती. सांगायचे तर आधी हाक मारायला हवी, आणि हाक तर दगडावर कोरली गेली होती. ती जानिबेककडे बघत राहिली.

"नावानेच हाक मार, पोरी," तो म्हणाला. "मी मोकळीक देतो. कुलाश, तू ऐकलंस. आता राखायला उरलंय काय?"

मारझानने तोंड उघडले. "जा..." ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा प्रयत्न केला. कान लाल झाले. मोकळीक मिळाली होती, सासूही काही म्हणत नव्हती, तरी नाव बाहेर येईना. ते भिंतीवरच्या चौघांचेही नाव होते हे तिच्या डोक्याला ठाऊक होते. जिभेला ठाऊक नव्हते.

शेवटी तिने मान खाली घातली आणि दोन वाट्या घेतल्या. एकीत तळाला घोटभर चहा ओतला आणि ती दोन्ही हातांनी जानिबेकपुढे ठेवली. दुसरी दुधाच्या सायीसकट काठोकाठ भरली आणि हेडमास्तरसमोर सरकवली.

हेडमास्तर त्याच वस्तीत वाढला होता. त्याने वाटीकडे पाहिले, टोपी उचलली.

जानिबेकने घोट घेतला. वाटी रिकामी करून पुढे केली. मारझानने परत घोटभर ओतला.

"तोलेगेन," तो दाराकडे न बघता म्हणाला, "त्या चुलीच्या विटा उतरवून ठेव. सगळ्या. आणि माती चाळून ठेव, स्वतः. खडा एक जरी लागला तरी मी तिथूनच परत फिरेन."