खपली पडेपर्यंत

बहात्तर साली आफ्रिकेतल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला कंपनीने मला दोन वर्षांसाठी निवडलं, तेव्हा आम्ही मोशीत दोन खोल्यांत राहत होतो. विमान अठरा दिवसांवर आलं होतं. लशी टोचून घ्यायला पुण्याला गेलो. देवीची लस टोचण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला इसब?"

"मुलीला आहे. चार वर्षांची."

त्यांनी सुई खाली ठेवली. टोचल्या जागेचा स्राव इसबाच्या कातडीला लागला तर पोरीच्या जिवावर बेतू शकतं, म्हणाले. "सूट लिहून देईन, पण तिथल्या विमानतळावर ती मानतीलच असं नाही. टोचून घेतलंत तर खपली आपसूक पडेपर्यंत मुलीला जवळ घ्यायचं नाही. तीन आठवडे धरा."

म्हणजे एकवीस दिवस. माझ्याकडे अठरा होते. आणि नाही म्हणालो असतो तर यादीत माझ्यामागे सहा जण होते. मी बाही वर केली.

माझ्याबरोबर जाणारा सोबती कंपनीत हसला. "राव, खरं बोलायला सांगितलं कुणी? मी टोचून घेतलं आन् पोरं खांद्यावर घेऊन हिंडलो."

"तुझ्या पोरांना इसब नाही."

"मग बस दिवस मोजत!"

घराला दार एकच, तेही बाहेरच्या खोलीला. शिफ्ट संपवून मी आलो की मायलेकी स्वयंपाकघरात कोंडल्या जायच्या आणि मी बाहेरच्या दहा बाय दहात. बायकोने माझं अंथरूण, टॉवेल, बादली वेगळी केली. मुलगी मधल्या उंबऱ्याशी यायची.

"बाबा, पडली?"

"नाही."

"मग ओढा ना."

सोळाव्या दिवशी खपलीची एक कड सुटली. मी नख लावलं. ओढली तर खालची जागा ओलीच राहणार, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको आतून बघत होती.

"अहो, हात काढा."

काढला.

अठराव्या दिवशी कंपनीची जीप दारात आली. मुलीने विचारलं, "पडली?" मी नकारार्थी मान हलवली. ती रडली नाही. सवयीने दोन पावलं मागे सरकली.

खपली तिकडे विसाव्या दिवशी आंघोळ करताना पडली.

दोन वर्षांनी परतलो. मुलगी सहा वर्षांची झाली होती, तिचा इसबही बरा झाला होता. मी हात पुढे केले. ती मधल्या उंबऱ्यापलीकडेच थांबली.

"आधी बाही वर करा," म्हणाली.