कशावरच भरवसा नसलेली भाची

परभणी जिल्ह्यात कशावरच भरवसा न ठेवणारी एकच व्यक्ती मी पाहिली, आणि ती म्हणजे माझी भाची. लग्नाचा मांडव, बँकेचा जिना, आमच्या गच्चीचा कठडा, कशावरही तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिच्याविषयी लिहा, असे घरचे कितीदा म्हणाले, पण मी टाळत आलो. लिहायला बसलो की आधी हसू यायचे, आणि मग एक गोष्ट आडवी यायची. आता पंचाहत्तरी उलटली. हसू आणि ती गोष्ट, दोन्ही सांगून टाकतो.

इंजिनिअर झाल्यावर ती पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत लागली. बांधकामात कुठे धोका आहे आणि ते पर्यावरणाला कमीत कमी त्रास देऊन कसे करावे, हे बांधणाऱ्याला आधीच सांगायचे, असे ते काम. मी चाळीस वर्षे ठेकेदारी केली, पण मला कधी कुणी काही आधी सांगितले नाही. सगळे नंतरच सांगायचे. आमच्या भागातली कामे कंपनीने तिच्याकडे दिली. आईवडील लांब वालूरला, म्हणून मुक्काम परभणीत आमच्याकडे. समोरच्या किराणा दुकानदाराने पहिल्याच दिवशी चौकशी केली.

"भाची काय करते म्हणे? इमारती बांधती?"

"नाही."

"मग पाडती?"

"नाही हो. सल्ला देते."

"कशाचा?"

"बांधू नका म्हणून."

"आन् त्याचा पगार मिळतो?" दुकानदार मान हलवत आत गेला, आणि महिनाभर तिच्याकडे फार आदराने पाहत राहिला.

आल्या आल्या तिने आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन काचेच्या नळ्या मांडल्या. दोन्हींत आमच्याकडची काळी माती, पण एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही, तेव्हा तिच्याशी ताडून पाण्यातली किती फुगते ते बघायचे होते. या काळात वाटीभर रॉकेलसाठी तिने अर्धी परभणी पालथी घातली. आमच्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी ओटा पुसताना पाण्याची नळी उचलून तुळशीत ओतली, आणि तिने मामीशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच बोलली, कारण नवी माती चाळायला तिला मामीची पिठाची चाळणी हवी होती.

लग्नात तिला नेणे म्हणजे शिक्षा. आत शिरताच ती बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधायची. एकदा सगळे अक्षता टाकत असताना ही मांडवाचा खांब हलवून बघत होती. नवरदेवाच्या चुलत्याला तिने विचारले, "काका, हा दोर कुणी बांधलाय?" तो घाबरून म्हणाला, "बाई, मी वराकडचा हाय, मला काय विचारायलीस!" पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो, तर ही भिंतीला तळवे लावून उभी. बाहेर ऊन मी म्हणत होते.

"मामा, हात लावून बघा तुमी. किती गार हाय! नाहीतर तुमची पत्र्याची घरं."

"आधी दर्शन घे गं," मामी ओरडली.

"तेच घ्यायलेय की, मामी."

आता ती गोष्ट.

पिंगळीच्या बाजूला एका संस्थेला मुलींचे वसतिगृह बांधायचे होते. जागा कशी आहे, याचा अहवाल हिने लिहायचा. तिचे पहिले मोठे काम. चार ठिकाणी भोके पाडून माती तपासली, ठीक निघाली. पण तिची एक रीत होती. यंत्राचे झाले की म्हाताऱ्यांना विचारायचे. शेजारच्या रानातली एक आजी म्हणाली, "इथं कुठंतरी हीर होती बघ. लय दिवस झाले." कुठे, ते आजीला सांगता येईना. संध्याकाळी भाचीने मला विचारले, "मामा, तुमचं आयुष्य त्या भागात गेलंय. होती का विहीर?"

होती. ती मीच बुजवली होती. ठेकेदारीच्या सुरुवातीला, एका पाडलेल्या इमारतीचा राडारोडा टाकायला जागा नव्हती म्हणून. आमच्याकडे विहीर बुजवणे म्हणजे पाप, मग ती कोरडी का असेना. बुजवणारा बोलत नाही, आणि पाहणारेही बोलत नाहीत. माझ्या आईने तेव्हा विचारले होते, तिलाही मी नाही म्हणालो होतो. तेच तोंडात बसलेले.

"छे गं," मी म्हणालो, "मोकळं रान होतं ते. म्हातारीला काय आठवतंय!"

वही काढून आजीचे वाक्य तिने खोडले. देवळाच्या भिंतीलाही हात लावून बघणाऱ्या त्या पोरीने माझा शब्द मात्र तसाच घेतला.

पहिल्याच पावसाळ्यात जोत्याचा एक कोपरा खचला, नेमका त्या विहिरीवरचा. भिंती चढल्या नव्हत्या, कुणाला इजा झाली नाही. पण कंपनीने विचारले, जागेचा पूर्वेतिहास कुणी लिहिला? तिने सांगितले, मी. कुणाच्या शब्दावर, ते सांगितले नाही. नोकरी गेली. वर्षभर घरी बसून मग नागपूरला दुसऱ्या कंपनीत पुन्हा पहिल्या पायरीपासून लागली. आता तिथे तिचे चांगले चालले आहे असे ऐकतो.

मागच्या दिवाळीत तिला सोडायला स्टेशनवर गेलो होतो. फलाटावर दोघेच होतो. मी सगळे बळ एकवटून म्हणालो, "बाई, ती पिंगळीची जागा..."

"जाऊ द्या हो, मामा," ती हसली. "चूक माझीच. खोदून बघायला पाहिजे होतं मी."

तुझी नव्हती गं, माझी होती, मला माफ कर. एवढेच म्हणायचे होते. गाडी आली, तिने वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "पाण्याची बाटली घेतलीस ना?"