आकाशगंगेसाठी घातलेलं गाऱ्हाणं

बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्यासोबत दोनच गोष्टी होत्या. कपड्यांची पिशवी आणि गावाहून आणलेला एक नारळ. आई गेल्यावर जोगेश्वरीच्या खोलीत ते एकटेच होते, गुडघे कुरकुरत होते, म्हणून मी भांडून भांडून त्यांना मालाडला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. "महिनोभर बघतंय," ते म्हणाले. नारळ त्यांनी किचनच्या फळीवर ठेवला. कशाला, ते सांगितलं नाही. आमच्याकडे सांगायची पद्धतच नाही. आपण समजून घ्यायचं, आणि नाही समजलं की भांडायचं.

भांडायला आम्हाला काहीही पुरायचं. टीव्हीचा आवाज, चहातली साखर, पंखा. त्यांना तो एकवर हवा, मला पाचवर. "बाप तशी लेक," असं म्हणून नवरा भाजी आणायला पळायचा. भाजी घरात असली तरी.

एका बुधवारी कोळीण मावशी दारावर ताजे बांगडे देऊन गेली. वाटपाला नारळ नव्हता. फळीवर होता. मी तो फोडला आणि झकास कालवण केलं. बाबा जेवायला बसले, फळीकडे बघितलं आणि ताट पुढे सरकवलं.

"तो नारळ खय गेलो?"

"कालवणात. बाजारातले नारळ काय संपलेत? दुसरा आणते."

"तुझ्या आवशीन लावलेल्या माडाचो होतो तो. हय रवाचा ठरला की गाऱ्हाणा घालूचा होता."

गाऱ्हाणं ही आमची कोकणातली रीत. काम सुरू करण्याआधी देवापुढे नारळ ठेवायचा, मोठ्या माणसाने मनातलं सगळं मोठ्याने देवाला सांगायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. इथे राहायचं ठरलं की देवापुढे ठेवायचा तो नारळ मी बांगड्यांत घातला होता. आईच्या माडाचा. चूक माझीच होती. पण आमचं तोंड गप्प बसेल तर ना. "मग आधी सांगायचं होतं," मी म्हटलं.

"रविवारी जातंय मी," बाबा म्हणाले. पिशवी भरून त्यांनी दाराशी ठेवली.

चुकले म्हणायला मला तीन दिवस होते. मी म्हटलं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडले आणि बाहेर येऊन आदळआपट केली. त्या खोलीत एकट्या बाबांचा विचारही मला सहन होत नव्हता, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून मी पोळ्या लाटत होते.

माझी लेक पाचवीत. शनिवारी तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिने विषय घेतला होता, आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका यांची टक्कर. माझा अख्खा साबुदाणा काळ्या पुठ्ठ्यांवर चिकटवून झाला होता. प्रत्येक दाणा म्हणजे एक तारा. शुक्रवारी संध्याकाळी ती आजोबांसमोर तालीम करायला बसली. मी भाजी निवडत ऐकत होते.

"टक्कर झाली मगे सगळा फुटतला?" बाबांनी विचारलं.

"नाही आजोबा. ताऱ्यांच्या मध्ये एवढी जागा असते ना, की ते एकमेकांना बहुतेक लागतच नाहीत. दोघी आरपार जातात."

बाबांनी मान डोलावली. तीसेक वर्षांचे होईपर्यंत ते कापडाच्या मिलमध्ये मागावर होते. "मागावरचो धोटो जाता तसो," ते म्हणाले. "हजार धाग्यांच्या मधसून जाता, एक धागो तुटणा नाय. मगे पुढे?"

"मग ओढ असते ना एकमेकींची, म्हणून लांब जाऊन परत वळतात. परत आरपार. असं करत करत एकच होतात. पण त्याला खूप म्हणजे खूप वेळ लागतो. सुरू व्हायलाच चारशे-पाचशे कोटी वर्षं. आणि आता काही शास्त्रज्ञ म्हणतात, कदाचित होणारही नाही."

"म्हणजे नक्की नाय."

"नाही."

"मगे गाऱ्हाणा घालूक व्हया," बाबा म्हणाले. लेक हसली. ते हसले नाहीत.

शनिवारी सकाळी मी उठले तर बाबा अंघोळ करून तयार. नारळ वाण्याकडून स्वतः आणलेला, गुडघे सांभाळत. देवापुढे दोन्ही पुठ्ठे आणि नारळ मांडलेला. नवऱ्याला पळायलाही वेळ मिळाला नाही.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली, "ह्या चेडवाचा आज शाळेत काम आसा. ता नीट पार पडांदे."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"वर आभाळात ती देवयानी येतली म्हणतत. येवंदे. आपल्या आकाशगंगेन तिका जागा करून देवंदे. कोणाची मोडतोड होव नको."

"व्हय म्हाराजा." लेक हसू दाबत होती.

"आणि म्हाराजा, ह्या घरात माजी लेक आसा. रागीट आसा, ती माज्यावरच गेली हा. आवशीचो नारळ तिच्या हातसून फुटलो. लेकीन फोडलो, म्हणजे आवशीकच पोचलो. माकाच ता उशिरा समाजला. मी म्हातारो, माजो हट्ट मोठो. ह्या दोन घरांका एक होवक किती वेळ लागात तितको लागांदे, पण तिका माज्यापायी रडूक लावू नको."

म्हणजे नळ सोडून रडलेलं त्यांना ऐकू आलंच होतं. उभ्या जन्मात बाबा माझ्याशी एवढं बोलले नव्हते. आणि तेव्हाही माझ्याशी नव्हतेच बोलत, देवाशी बोलत होते.  सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आई, म्हण ना," लेकीने कोपर मारलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. "माझं चुकलं, बाबा."

त्यांनी ते ऐकल्याचं दाखवलं नाही. नारळ फोडला, एका वाटीचे तुकडे करून आम्हा सगळ्यांच्या हातावर ठेवले, आणि दुसरी वाटी माझ्याकडे दिली.

"ह्येची सोलकढी कर," ते म्हणाले. "आज नको. उद्याक."

उद्या रविवार होता.