दसऱ्याला तोडलेला बोल्ट

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या काकांचा बोल्टचा कारखाना आहे आणि तिथले बोल्ट तोडायचं काम माझं. लोकांना हसू येतं, पण आहे ते असंच. प्रत्येक लॉटमधले थोडे नमुने मशीनमध्ये धरायचे, तुटेपर्यंत ओढायचे, किती ताण सोसला ते बघायचं आणि सही करून लॉट सोडायचा. बोल्टच्या डोक्याखाली मुद्दाम तिरकी वॉशर घालतात, म्हणजे डोकं वाकडं ओढलं जातं. तरीही तो आट्यांत तुटला तर पास. डोकं उडालं तर, ताण कितीही सोसलेला असो, नापास. मानकच तसं आहे.

वडील गेल्यावर काकांनी मला वाढवलं, इंजिनिअर केलं. त्यामुळे शिक्षण झाल्यावर मी कुठे जाणार, हे कुणी विचारलंच नाही. सकाळी काकांच्या गाडीतून जायचं, संध्याकाळी त्याच गाडीतून यायचं, दुपारी काकूचा डबा. रात्री जेवतानाही विषय बोल्टचाच. कुणी वाईट वागत नव्हतं, आणि माझा जीव मात्र गुदमरत होता. शेवटी गुपचूप पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मुलाखत दिली. त्यांनी मला घेतलं. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. हे काकांना सांगायला जीभ रेटेना. रोज गाडीत बसताना ठरवायचे आणि कारखाना येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचे.

दसऱ्याच्या मुहूर्तावर लिफ्ट बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा लॉट जायचा होता. लिफ्टचे रूळ भिंतीला धरून ठेवणारे बोल्ट. आदल्या दिवशी लाइट गेल्यामुळे दोन नमुने तोडायचे राहिले होते. सकाळी जाऊन बघते तर काकूने माझ्या मशीनला हळदकुंकू लावून झेंडूचा हा भला मोठा हार घातलेला. पूजा झालेलं मशीन त्या दिवशी आमच्याकडे कुणी चालवत नाही. काका म्हणाले, कालचे सगळे पास आहेत ना, कर सही, गाडी निघू दे.

मी हार न काढताच मशीन सुरू केलं. काकू कपाळावर हात मारून बाहेर गेली. पहिला नमुना आट्यांत तुटला. दुसऱ्याचं डोकं ताडकन उडालं आणि चार पाकळ्या खाली पडल्या. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. आपट्याची पानं घेऊन आलेले कामगार दारातच उभे राहिले.

खरं सांगते, मला आनंद झाला. बोल्ट खराब निघाल्याचा नव्हे. आता काका भडकतील, सणाच्या दिवशी अपशकुन केलास म्हणून मला हाकलतील आणि मी पुण्याला जायला मोकळी, याचा.

काका भडकले नाहीत. त्यांनी गाडी रिकामी करायला लावली आणि गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला. माझ्या पुतणीने माल अडवलाय, म्हणाले, दसऱ्यालासुद्धा ऐकत नाही हो. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की त्याने वर्षभराचं काम आम्हाला देऊन टाकलं. अट एकच, सही माझीच हवी. काकांनी कारखानाभर पेढे वाटले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

त्याच आठवड्यात घरी येताना मी एकदाचं पुण्याचं सांगितलं. काकांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"जा की," ते म्हणाले. "मी अडवणार नाही. त्या लिफ्टवाल्याला सांगतो, सही करणारी गेली, तुमची ऑर्डर परत घ्या."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ते खरंच तसं सांगणार होते. मग त्यांनी पुण्यात माझ्या जेवणाची काय सोय आहे ते विचारलं आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या प्रयोगशाळेला येत नसल्याचं कळवलं. काकांनी अडवलं असतं तर भांडून तरी गेले असते.